एफ वन पिक्चर आणि लव्ह इज ब्लाइंड: कान उघडे ठेवून कसं बघायचं आणि स्वतःचं मत कसं बनवायचं

२०२५ च्या जूनमध्ये ब्रॅड पिटचा एफ वन, म्हणजे फॉर्म्युला वन या कार रेसिंगवरचा पिक्चर, आला आणि त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर लव्ह इज ब्लाइंड या डेटिंग रिअ‍ॅलिटी शोचे दोन सीझन आले, फेब्रुवारीत मिनियापोलिसचा आठवा आणि ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरचा नववा. या दोन्हींबद्दल कुणालाही विचारलं तर उत्तर एक तर जबरदस्त नाहीतर फालतू, मधलं काहीच नाही, आणि का विचारलं की गाडी अडकते. मला हे खटकतं कारण दोन्हींत बोलण्यासारखं खूप आहे. म्हणून हे लिहितेय, की या दोन गोष्टी बघायच्या कशा, कुठे लक्ष द्यायचं आणि मग आपलं मत असं कसं मांडायचं की समोरच्याला पटलं नाही तरी ते कशावर उभं आहे ते तरी कळेल. पुढे पिक्चरची स्टोरी शेवटापर्यंत येणार आहे, ज्यांना ती नको असेल त्यांनी आधी बघून या.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. एफ वनमधली गोष्ट बनवलेली आहे पण जागा खऱ्या आहेत, म्हणजे इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर २०२३ च्या खऱ्या रेसच्या वीकेंडला खऱ्या टीम्सच्या मधोमध शूटिंग केलंय, खरे ड्रायव्हर मागे उभे आहेत. लव्ह इज ब्लाइंडमध्ये बरोब्बर उलटं, माणसं खरी आहेत, नोकऱ्या, आईवडील, रडणं सगळं खरं, पण जागा पूर्ण बनवलेली, त्या पॉड्स म्हणजे छोट्या खोल्या, मधली चमकणारी भिंत, ते सोनेरी पेले. त्यामुळे पिक्चर बघताना "असं खरंच घडतं का" हा प्रश्न गोष्टीला विचारायचा आणि शो बघताना तोच प्रश्न मांडणीला विचारायचा, एडिटिंगला विचारायचा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, पिक्चरच्या कॅमेऱ्यावर खूश होऊन गोष्ट माफ करतात आणि शोमधल्या माणसांना शिव्या घालून एडिटिंगकडे बघतच नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, दोन्ही ठिकाणी डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. ते कसं ते पुढे सांगते.

पिक्चरच्या आधी पंधरा मिनिटं नियमांना द्या

रेसिंग कधीच बघितलं नसेल तरी पिक्चर कळतो, त्यांनी तशी काळजी घेतलीये, कॉमेंटेटर सतत समजावून सांगत असतात. पण पाच गोष्टी आधी माहीत असल्या तर मजा दुप्पट होते आणि मुख्य म्हणजे स्टोरीत कुठे गडबड आहे ते तुमचं तुम्हाला पकडता येतं.

टायर. कोरड्या ट्रॅकसाठी तीन प्रकार, लाल पट्टीचा सॉफ्ट म्हणजे पकड जबरदस्त पण लवकर झिजणार, पिवळा मधला, पांढरा हार्ड म्हणजे टिकाऊ पण हळू. पावसात हिरवा आणि निळा. कोरड्या रेसमध्ये किमान दोन वेगळे प्रकार वापरावेच लागतात, म्हणजे एकदा तरी टायर बदलायला थांबणं आलंच.

पिट स्टॉप. चार टायर बदलायला दोन ते तीन सेकंद लागतात (मॅक्लारेनने २०२३ मध्ये कतारला १.८० सेकंदात केलेत, हा व्हिडिओ शोधून बघा, डोळा लवायच्या आत संपतो) पण पिट लेनमध्ये, म्हणजे टायर बदलायला जायच्या बाजूच्या रस्त्यावर, वेग बांधलेला असतो, बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर, आणि तेवढ्या वेळात बाकीचे बाहेर तीनशेच्या आसपास पळत असतात, त्यामुळे एकूण नुकसान वीसेक सेकंदांचं होतं. हे वीस सेकंद म्हणजे सगळ्या डावपेचांचं मूळ.

सेफ्टी कार. ट्रॅकवर अपघात झाला किंवा तुकडे पडले की ही गाडी पुढे येते, सगळ्यांना तिच्यामागे हळू चालावं लागतं, ओव्हरटेक बंद. सगळे हळू असताना तुम्ही टायर बदलायला गेलात तर नुकसान कमी होतं, आणि वर पुढच्याने कमावलेली आघाडीही पुसली जाते कारण सगळे एकामागे एक गोळा होतात. म्हणजे एखाद्याचा अपघात दुसऱ्यासाठी लॉटरी ठरू शकतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पिक्चरचा अर्धा जीव यात आहे.

लाल झेंडा म्हणजे रेसच थांबली, सगळे पिट लेनमध्ये परत, आणि तिथे टायर फुकटात बदलता येतात. शेवटच्या अबुधाबीच्या रेसमध्ये हेच होतं, सनीच्या (ब्रॅड पिटने केलेला म्हातारा ड्रायव्हर) टीमकडे न वापरलेले सॉफ्ट टायर शिल्लक असतात आणि तीन लॅप उरलेले असतात.

पाचवं म्हणजे पॉइंट. पहिल्या दहा जणांनाच मिळतात, पहिल्याला २५ आणि दहाव्याला १. पिक्चरमधल्या एपीएक्सजीपी टीमकडे एकही पॉइंट नसतो, त्यामुळे दहावा नंबर आला तरी ते लोक नाचतात, आणि हे अगदी खरं आहे, खालच्या टीम्समध्ये दहाव्या नंबरसाठी असाच जीव टाकला जातो.

पिक्चर कानाने बघा

मोठा पडदा आणि चांगला साउंड मिळत असेल तर तिथेच बघा, पुन्हा कुठे लागला तर सोडू नका. डिसेंबर २०२५ पासून अ‍ॅपल टीव्हीवर आहे, घरी बघणार असाल तर टीव्हीच्या स्पीकरवर नको, निदान चांगले हेडफोन लावा. माझं स्पष्ट मत, या पिक्चरचं सगळ्यात चांगलं काम आवाजाचं आहे. हान्स झिमरचं संगीत आहेच पण मी इंजिनाबद्दल बोलतेय, ब्रेक मारताना गिअर खाली येतानाचा तो तुटक आवाज, भिंतीजवळून जाताना आवाज कसा आपटून परत येतो, आणि हेल्मेटच्या आतला श्वास. एफ वनचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन या पिक्चरचा एक निर्माता आहे आणि दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्कीने मुलाखतीत सांगितलंय की हॅमिल्टनने नुसत्या आवाजावरून, या वळणावर हा गिअर नसतो, असं धरलं होतं. असा माणूस बाजूला बसलेला असेल तर फरक पडणारच.

एकदा एक रेस डोळे मिटून ऐका, खरंच करून बघा, सिल्व्हरस्टोनची पहिली रेस. रेडिओवर कोण कोणाशी कसं बोलतंय एवढंच ऐका. सुरुवातीला सनी रेडिओवर तुटक, हुकूम दिल्यासारखा, जोशुआ (टीममधला त्याचा तरुण जोडीदार, डॅमसन इद्रिस) चिडलेला, आणि मधे इंजिनियर अडकलेले. शेवटच्या रेसला हेच आवाज बदललेले असतात. दोन ड्रायव्हरमधलं नातं जे काही बदलतं ते संवादांच्या सीनपेक्षा या रेडिओवर जास्त नीट कळतं, आणि ज्यांना पात्रं वरवरची वाटली त्यांनी हे ऐकून मग पुन्हा बोलावं असं मला वाटतं.

कॅमेऱ्याबद्दल सगळेच बोलतात म्हणून थोडक्यात, फॉर्म्युला टूच्या (एफ वनच्या एक पायरी खालच्या) गाड्या मर्सिडीजच्या मदतीने बदलून घेतल्यात, गाडीवर पंधराएक जागी कॅमेरा बसवता येत होता आणि ब्रॅड पिट आणि डॅमसन इद्रिस स्वतः चालवत होते. चेहऱ्यावर जो ताण दिसतो त्यातला बराच खरा आहे. वळणावर मान कशी ओढली जाते ते बघा.

मग गोष्टीला प्रश्न विचारा

आता खरं काम. पिक्चर संपल्यावर एकच प्रश्न घ्या: हीरोच्या हुशारीची किंमत कोण भरतंय?

हंगेरीची रेस आठवा. सनी मुद्दाम दुसऱ्यांना घासतो, तुकडे पाडतो, म्हणजे सेफ्टी कार यावी आणि जोशुआला फायदा व्हावा. थेटरात या सीनला हमखास शिट्ट्या पडतात कारण तो मस्त लिहिलाय, म्हातारा खेळाडू सगळ्यांना शेंडी लावतोय. पण हे वास्तवात घडलेलं आहे आणि तेव्हा कुणी शिट्ट्या मारल्या नव्हत्या. २००८ मध्ये सिंगापूरला, एफ वनच्या पहिल्याच रात्रीच्या रेसमध्ये, रेनॉ टीमच्या नेल्सन पिके ज्युनियरने मुद्दाम भिंतीवर गाडी घातली, सेफ्टी कार आली आणि आधीच टायर बदलून मोकळा झालेला त्याचाच जोडीदार फर्नांडो अलोन्सो रेस जिंकला. पुढच्या वर्षी प्रकरण बाहेर आलं, टीमचा बॉस फ्लाव्हियो ब्रियातोरेवर बंदी आली (ती नंतर फ्रान्सच्या कोर्टाने उठवली, आणि आता तो अल्पीन टीममध्ये परत आहे). त्या रेसमध्ये पुढे होता फेलिपे मासा, त्याचा सेफ्टी कारच्या गोंधळात पिट स्टॉप फसला, इंधनाचा पाइप लागलेला असतानाच गाडी सुटली, आणि वर्षाअखेर त्याची चॅम्पियनशिप एका पॉइंटने हुकली. कोणाला मिळाली? लुईस हॅमिल्टनला. मासा या प्रकरणात अजून कोर्टात लढतोय. हॅमिल्टनची यात काही चूक नव्हती हे सांगायलाच नको, पण ज्याने ही गोष्ट इतक्या जवळून बघितलीये तो निर्माता असताना पिक्चर त्या युक्तीकडे एवढ्या हलक्याने बघतो हे मला पचलं नाही.

यावर लोक म्हणतात अगं पिक्चर आहे, सोड ना. सोडलं असतं जर पिक्चरने स्वतः खरेपणाचा एवढा आग्रह धरला नसता. खरे ट्रॅक, खरे ड्रायव्हर, खरे झेंडे, मग खरे परिणामही हवेत. इटलीतल्या मॉन्झाच्या रेसला जोशुआची गाडी उडते आणि पेटते तो सीन बघा, तिथे पिक्चर परिणामांना घाबरत नाही, आणि म्हणूनच तो अर्धा तास सगळ्यात चांगला आहे. १९९० मध्ये हेरेझला ड्रायव्हर मार्टिन डॉनेलीचा भयानक अपघात झाला होता, सनीच्या भूतकाळातला अपघात त्यावर बेतलाय आणि खरं फुटेज वापरलंय, डॉनेली त्यातून वाचला. तुटलेल्या शरीराची आठवण पिक्चरला आहे, मग हंगेरीत ज्या बाकीच्या ड्रायव्हरच्या गाड्यांना घासलं जातं त्यांच्या शरीराची का नाही?

एवढा म्हातारा माणूस एफ वनमध्ये कसा, असा सनीच्या वयाबद्दल ज्यांना आक्षेप आहे त्यांनी आकडे घेऊन बोला. अलोन्सो २०२५ मध्ये ४४ व्या वर्षी शर्यतीत होता. लुई शिरोन १९५५ मध्ये मोनॅकोला ५५ व्या वर्षी उतरला होता आणि तो अजून विक्रम आहे, पण तेव्हाच्या गाड्या वेगळ्या, आता वळणावर मानेवर डोकं आणि हेल्मेटच्या वजनाच्या चारपाच पट ताण येतो. ब्रॅड पिट शूटिंगच्या वेळी साठीला टेकलेला. सनीसारखं तीस वर्षं एफ वनच्या बाहेर राहून या वयात परत येणं अशक्य आहे, आणि माझ्या मते हे मान्य करून पुढे जाता येतं, परीकथेत एवढं चालतं.

केट या पात्राबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. टीमची टेक्निकल डायरेक्टर, गाडी बनवणारी बाई, केरी कॉन्डनने काम सुंदर केलंय, आणि सुरुवातीला ती म्हणते की टीममधल्या कुणाबरोबर नाही, आणि मग पिक्चर तिला तिकडेच नेतो. आणि पिट स्टॉपला चूक होते तीही नेमकी टीममधल्या पोरीच्या हातून. खऱ्या एफ वनमध्ये रेड बुलच्या डावपेचांमागे हॅना श्मिट्झ आहे, हास टीमने २०२५ साठी लॉरा म्युलरला रेस इंजिनियर केलं, त्या पदावर पूर्णवेळ आलेली पहिली बाई. या बायका काय करतात याचा एखादा सीन असता तर? आणि सिमोन अ‍ॅशली, आपली ब्रिजर्टनवाली, तिचा रोल शूट झाला आणि एडिटिंगमध्ये जवळजवळ पूर्ण उडाला, एखाद्या क्षणाला दिसते फक्त. एडिटिंगची ताकद पिक्चरमध्येसुद्धा केवढी असते त्याचं हे उदाहरण, आणि इथूनच आपण शोकडे जाऊ.

मधला पूल: ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह

शोकडे जाण्याआधी शक्य असेल तर नेटफ्लिक्सच्या ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह या एफ वनवरच्या डॉक्युमेंटरी मालिकेचे दोनतीन एपिसोड बघा. एफ वनला नवीन प्रेक्षक मिळवून देण्यात या मालिकेचा मोठा हात आहे, आणि त्याच वेळी ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेन काही काळ तिच्यात भाग घ्यायला तयार नव्हता, कारण त्याच्या मते त्यात नसलेली भांडणं उभी केली जातात. रेस खरी, माणसं खरी, रेडिओवरचं वाक्यही खरं, पण ते वाक्य दुसऱ्याच क्षणाला चिकटवलं की अर्थ बदलतो. हे एकदा डोक्यात शिरलं की डेटिंग शो बघायची नजर आपोआप तयार होते.

लव्ह इज ब्लाइंड: कुठून सुरू करायचं

सगळे सीझन बघायची गरज नाही. पहिला बघा (२०२०, अटलांटा), दुसरा बघा (२०२२, शिकागो), आणि मग नववा. पहिल्यात प्रयोग ताजा आहे, कोणाला काय होणार माहीत नाही, आणि लॉरेन आणि कॅमेरॉनची जोडी आहे जी अजून एकत्र आहे. दुसऱ्याबद्दल खाली सविस्तर. नवव्यात पहिल्यांदाच असं झालं की एकाही जोडीचं लग्न झालं नाही, सगळं फिसकटलं, आणि बरेच लोक म्हणाले सीझन फ्लॉप. मला तो उलट मोलाचा वाटतो, ठरलेल्या वेळेत, कॅमेऱ्यासमोर, लग्नाच्या कपड्यात उभं राहून नाही म्हणणं हे फार कठीण आहे आणि ते तिथे म्हटलं गेलं.

शोचा साचा माहीत असेलच तरी सांगते. दहाएक दिवस बायका आणि पुरुष वेगळे राहतात, भिंतीपलीकडून फक्त बोलतात, न बघता लग्न ठरवतात, मग पहिल्यांदा भेट, मग ट्रिप, मग एकाच फ्लॅटमध्ये राहणं, घरच्यांच्या भेटी, आणि साधारण महिन्याभरात मांडवात हो की नाही. आपल्याला हे सगळं परकं वाटत नाही, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाच्या गप्पांवर आयुष्य ठरवलेली माणसं आपल्या घराघरात आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे फोटो आणि पगार आधी कळतो आणि स्वभाव नंतर, इथे क्रम उलटा.

पॉड्सचे एपिसोड पळवत बघू नका. बहुतेक लोक इथेच पुढे ढकलतात कारण पडद्यावर काही घडत नाही, दोन माणसं सोफ्यावर पडून भिंतीशी बोलतायत. पण सगळा माल इथे आहे. एक साधं काम करा, कागद घ्या, प्रत्येक जोडीत कोण प्रश्न विचारतंय आणि कोण फक्त स्वतःबद्दल बोलतंय एवढ्या खुणा करा. प्रश्न विचारणारा माणूस, उत्तर ऐकून त्यावर पुढचा प्रश्न विचारणारा माणूस, हा पुढे फ्लॅटमध्ये राहतानाही तसाच निघतो असं मला पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि जो स्वतःच्या दुःखाची लांबलचक कहाणी सांगून समोरच्याला रडवतो त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नका, निदान दोन एपिसोड थांबा.

शोचं एडिटिंग कसं पकडायचं

इथे पुन्हा कान. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसताना महत्त्वाचं वाक्य आलं, म्हणजे कॅमेरा ऐकणाऱ्यावर आहे किंवा पाठमोरा आहे आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात झोंबणारं वाक्य ऐकू येतं, तर थांबा. परत मागे घ्या आणि ऐका. आवाजाची पट्टी बदललीये का, मागचा खोलीचा गुणगुणाट तुटलाय का, वाक्याच्या मधे श्वास विचित्र जागी आहे का. रिअ‍ॅलिटी शोच्या धंद्यात वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून एक वाक्य बनवायची पद्धत जुनी आहे. प्रत्येक वेळी तसंच असेल असं नाही, कधीकधी कॅमेरा सहज तिकडे असतो, पण अशा वाक्यावरून कुणाला नालायक ठरवायचं नाही हा नियम पाळा.

ते सोनेरी पेले तर सगळ्यांनी बघितलेत. आतलं काही दिसत नाही, त्यामुळे ग्लास भरलेला होता की रिकामा हे कळत नाही, आणि मग दोन वेगळ्या वेळचे तुकडे शेजारी लावले तरी डोळ्याला खटकत नाही. कानातले, नेलपॉलिश, दाढी, केसांचा भांग, यावर लक्ष ठेवा, एकाच संभाषणात हे बदललं तर ते एक संभाषण नव्हतंच.

कोण दाखवलं नाही हेही विचारा. पहिल्याच सीझनला आठ जोड्यांची लग्नं ठरली होती आणि कॅमेरे पुढे गेले सहांच्याच मागे. म्हणजे आपण जे "प्रयोगाचा निकाल" म्हणून बघतो तो आधीच निवडलेला निकाल आहे, त्यामुळे यातून प्रेम आंधळं असतं की नसतं हे सिद्ध होत नाही, कुठल्याही बाजूने. हे वाक्य गप्पांमध्ये मी कायम वापरते आणि समोरचा गप्प होतो.

दुसरा सीझन आणि आपल्या घरातले प्रश्न

दुसऱ्या सीझनमध्ये दीप्ती आणि शेक, म्हणजे अभिषेक, दोघेही भारतीय वंशाचे. शोचा नियमच असा की दिसण्याबद्दल काही कळू नये, आणि हा गडी मुलींना विचारतो की तुला म्युझिक फेस्टिव्हलमध्ये खांद्यावर उचलून घेता येईल का. म्हणजे वजन किती ते दुसऱ्या दाराने विचारणं. हे बघताना अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तो एक वाईट माणूस दिसला असेल, पण मराठी घरात वाढलेल्या मुलीला ते प्रश्न ओळखीचे वाटतात, चष्मा आहे का, उंची किती, गव्हाळ म्हणजे नक्की कशी, हे सगळं सभ्य भाषेत विचारलेलं आपण ऐकलंय. आणि मांडवात दीप्ती नाही म्हणते, स्वतःची निवड करते, शांतपणे, घरचे समोर बसलेले असताना. या सीझनबद्दल मत बनवताना शेक वाईट होता एवढ्यावर थांबू नका, दीप्ती एवढा वेळ का थांबली असेल, तिला कोणी काय सांगितलं असेल, घरच्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते बघा. आईबरोबर बसून बघता आलं तर बघा. मावशी, काकू असतील तर अजून चांगलं, त्यांची मतं तुमच्यापेक्षा वेगळी निघतील आणि कदाचित जास्त खोल.

पहिल्या सीझनमधल्या लॉरेनच्या वडिलांचा सीनही असाच, मुलगी काळी आणि होणारा जावई गोरा, आणि वडील त्याला जे प्रश्न विचारतात त्यात धमकी कमी आणि काळजी जास्त आहे.

किंमत कोण भरतंय, हा प्रश्न इथेही

पिक्चरला विचारला तोच प्रश्न शोला विचारा. दुसऱ्या सीझनमधल्या एका स्पर्धकाने २०२२ मध्ये निर्मात्यांवर केस केली, आरोप असे होते की खायला प्यायला नीट मिळत नव्हतं, दारू मात्र भरपूर होती, झोप कमी आणि पगार अगदी कमी. निर्मात्यांनी आरोप नाकारले आणि २०२४ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या कामगार संबंध मंडळाच्या एका विभागीय कार्यालयाने तक्रार दाखल केली की या स्पर्धकांना कर्मचारी मानायला हवं. शेवटी काय ठरतं ते ठरेल, पण प्रेक्षक म्हणून एवढं आपल्या हातात आहे की कुणी एपिसोडमध्ये रात्री उशिरा चिडलं, ओरडलं, तर ते किती तास जागं असेल, पोटात काय असेल, हा विचार आधी करायचा. फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरला निदान मान मजबूत करायला ट्रेनर असतो.

मत सांगताना

आता मत सांगायची वेळ. मी ज्या क्रमाने करते तो सांगते. आधी एक सीन निवडा, सगळा पिक्चर किंवा सगळा सीझन नको, एकच सीन, आणि तो इतका नीट सांगा की न बघितलेल्यालाही दिसेल. मग त्यात तुम्हाला काय झालं ते सांगा, हसू आलं, राग आला, पोटात कालवलं. मग ते कशामुळे झालं ते शोधा, अभिनय, आवाज, कट, की गोष्ट. एवढं केल्यावर "मस्त" किंवा "बकवास" म्हणा, खुशाल म्हणा, आता त्या शब्दाखाली जमीन आहे.

माझंच घ्या. एफ वन मी पुन्हा बघेन, मॉन्झा आणि अबुधाबीसाठी, हंगेरी आली की चिडेन. लव्ह इज ब्लाइंड मला शोपेक्षा अभ्यासाचा विषय म्हणून जास्त आवडतो, पॉड्समध्ये माणसं जे बोलतात तसं मी कुठल्याच सिरियलमध्ये ऐकलेलं नाही, आणि फ्लॅटमध्ये गेल्यानंतरचे एपिसोड मला ओढूनताणून वाटतात.

एक गोष्ट करू नका, स्पर्धकांच्या इन्स्टाग्रामवर जाऊन घाण लिहू नका. सनी हेज हा कागदावरचा माणूस आहे, त्याला काय वाट्टेल ते बोला. शोमधली माणसं ते वाचतात, त्यांची आई वाचते. आपल्या मराठी लोकांच्या कमेंटही तिथे दिसतात आणि वाचून वाईट वाटतं.

पिक्चर आवडला असेल तर पुढचं पाऊल म्हणजे एक खरी रेस बघणं. युरोपातल्या बऱ्याच रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला असतात, फॅनकोड अ‍ॅपवर दिसतात. पहिल्यांदा बघताना पुढच्या तिघांकडे बघू नका, नवव्या ते बाराव्या नंबरवर कोण आहे ते बघा, तिथे पिक्चरसारखीच मारामारी सुरू असते आणि कॅमेरा क्वचित जातो. २०२१ ची अबुधाबी जुनी रेस म्हणून शोधून बघा, सेफ्टी कारने अख्खं वर्ष कसं फिरवलं ते कळेल.

आणि शोचं रियुनियन, म्हणजे सीझन संपल्यावर सगळे पुन्हा जमतात तो एपिसोड, बघायचं असेल तर लगेच नको, चारपाच दिवस जाऊ द्या, आधी स्वतःचं मत कुठेतरी दोन ओळींत लिहून ठेवा. रियुनियनमध्ये बसलेली माणसं तोवर शो बघून आलेली असतात, त्यामुळे ती अर्धी स्वतःबद्दल आणि अर्धी आपण कसे दिसलो याबद्दल बोलतात. कोण म्हणतंय "हे दाखवलं नाही" ते नीट ऐका, आणि मग तो एपिसोड काढून त्या जागेवरचा कट परत बघा.